गडकऱ्यांचे बंड (१८४४) : सुरक्षा आणि प्रशासनाचा सामाजिक पाया

राज्याची सुरक्षा म्हणजे तट, तोफा आणि फौज, ही समजूत मराठी राज्यव्यवस्थेचा विचार करताना अपुरी पडते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे, म्हणजे मोगली वेढ्याच्या छायेतच, जी बखर सिद्ध केली तिच्यात गडांच्या बंदोबस्ताचे वर्णन येते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे समान दर्जाचे. गड एकाच्या हाती नसे. अभ्यासक बहुधा या अधिकारविभागणीच्या कौतुकापाशीच थांबतात. तथापि घेऱ्यातील प्रत्यक्ष पहारा रामोशी, महार, मांग, कोळी अशा समाजांकडे असे, आणि त्यांना गडाशी बांधून ठेवी ती सेवेबद्दल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन. ज्याचे शेत गडाच्या पायथ्याशी, त्याला गड राखणे म्हणजे घर राखणेच होते.

ही सांगड सैल झाली की काय घडते, याचा दाखला कोल्हापूर संस्थानात सापडतो. १८४४ साली छत्रपती अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित यांच्या हाती होता. वसुलीची घडी बसविण्याच्या ओघात गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविण्यात आली. दफ्तराच्या दृष्टीने हा एक किरकोळ फेरबदल. परंतु जमीन मामलेदाराच्या वहीत गेली की चाकरीही जाणार, असा अर्थ गडकऱ्यांनी काढला, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ज्यांच्या भरवशावर किल्ले सुरक्षित मानले जात, तेच आतून लढू लागले.

बंडाचे लोण सावंतवाडीपर्यंत गेले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडून पन्हाळ्यावर कैदेत पडले. मुंबई सरकारला मोठी फौज धाडावी लागली; ऑक्टोबरात सामानगड आणि डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला.

इंग्रजी कागदपत्रांत या प्रकरणाची नोंद प्रामुख्याने लष्करी मोहीम म्हणून झाली आहे. जमिनीच्या व्यवस्थेचा उल्लेख तेथे येतो, पण तो तात्कालिक निमित्त म्हणून. वस्तुतः मूळ प्रश्न तोच होता. बंड मोडल्यानंतर किल्ले निकामी करण्यात आले, गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी बंद झाली आणि तिच्या जागी पगारी पलटण उभी राहिली.