मूठ मिटते का?

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने बारामतीहून इंदापूरकडे निघालात, की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. हा कालवा कसा झाला, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून कितीतरी वर्षं मुलांना सांगितलं. १८७६च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग होरपळून निघाला. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती. उपाशी माणसांना खायला द्यायचं, पण फुकट द्यायचं नाही, अशा विचाराने सरकारने खोदाईची कामं काढली. कालव्याच्या कामाची सुरुवात त्यातलीच. या कामांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मात्र मला फार उशिरा, माझ्या थोरल्या बहिणीमुळे नीट समजला. तो प्रश्न म्हणजे : तुमच्याच्यानं काम होतं का?

अक्का इंदापूर तालुक्यात कालव्याच्या शेवटाकडच्या गावात राहते. मेहुणे लवकर गेले. खुरपणी, उसाची लागण अशी मजुरी करून तिने संसार ओढला. चाळिशी उलटली आणि बोटांचे सांधे सुजू लागले. डॉक्टरांनी आमवात सांगितला. हा दुखण्याचा प्रकार विचित्र. सकाळी उठल्यावर हात लाकडासारखे, लुगड्याची गाठसुद्धा मारता येत नाही. उन्हं वर आली की बोटं थोडी सैल होतात. एखादा आठवडा बरा जातो, पुढचे पंधरा दिवस अंथरुणात. असा मजूर कोण बोलावणार? २०१४ साली मी म्हटलं, "अक्का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करू." तेव्हा महिना ६०० रुपये मिळत.

तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं झालं. राहिलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. त्यासाठी पहाटे पाचला निघून आम्ही पुण्यातल्या एका रुग्णालयात पोचलो. नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. डॉक्टर म्हणाले, "मूठ मिटा." अक्काने मिटली. पूर्ण नाही, पण मिटली. सांध्याची हालचाल, पकडीचा जोर मोजून झाला. टक्केवारी चाळीसच्या आत आली आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. एसटीत अक्का एवढंच म्हणाली, "आबा, त्यांनी सकाळी सातला बोलवायला पाहिजे होतं रे."

तिच्या त्या वाक्याने मी जुन्या दुष्काळाकडे पुन्हा वळलो. १८७७च्या जानेवारीत सरकारने मजुरीचे दर उतरवले. दिवसभर राबणाऱ्या माणसाला साधारण एक पौंड धान्याच्या किमतीवर थोडे पैसे, असा तो हिशेब होता. तो मांडणारे रिचर्ड टेंपल त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. खरा गरजू ओळखायचा कसा, याची कसोटीही ठरली होती : गाव सोडून मैलोगणती लांब कामावर येईल तो खरा गरजू. दख्खनमधल्या हजारो मजुरांनी कामं सोडून याचा निषेध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. पण ज्याला चालवतच नाही, त्याचं काय? तो कसोटीपर्यंत पोचायचाच नाही. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले, त्यांत आंधळे, पांगळे, वृद्ध, अशक्त यांना गावातच फुकट मदत द्यायची तरतूद आली. म्हणजे माणसांचे दोन कप्पे झाले, काम करू शकणारे आणि न करू शकणारे. अक्कासारखी कधी करू शकणारी, कधी न करू शकणारी माणसं दोन्हींच्या मधे राहिली.

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी मात्र ही फट पाहिली होती, असं मला वाटतं. राज्यघटनेचं ४१वं कलम काढून बघा. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा अवस्थांत नागरिकाला सार्वजनिक मदत मिळावी, असं ते सांगतं. आजार आणि विकलांगता एकाच ओळीत, शेजारी शेजारी! अर्थात राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही त्याच कलमात आहे, आणि त्यावरून कोर्टात दाद मागता येत नाही.

पुढे १९७२चा दुष्काळ आला. बारामती-इंदापूरच्या माझ्या पिढीला खडी फोडणारे आई-बाप आठवतात. त्यातून वि. स. पागे यांनी पुढे आणलेली रोजगार हमी योजना रुजली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागेल त्याला काम, ही फार मोठी गोष्ट होती. पण तिथेही दाम कामाच्या मापावर. ज्याच्या हातून माप भरत नाही त्याच्यासाठी वेगळी सोय हवी होती. १९८० साली, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. या योजनेच्या निकषांत अपंगांबरोबर क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांनी चरितार्थ चालवता न येणारी माणसंही पुढे आली. ४१व्या कलमातले दोन शब्द इथे पुन्हा शेजारी बसले.

पण आमवाताचं नाव त्या यादीत नव्हतं. मग रस्ता एकच, अपंगत्वाचा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते आणि किमान ४० टक्क्यांची रेघ आखली होती. रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या हिमोफिलियाच्या मुलांचंच बघा. गुडघ्यात वारंवार रक्तस्राव होऊन शाळा बुडायची, तरी तो आजार यादीत नव्हता. गुडघा कायमचा आखडला की मग ते मूल अस्थिव्यंग म्हणून पात्र. आजार चालू असताना मदत नाही, आजाराने नुकसान करून झाल्यावर मदत!

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा सातांचे एकवीस प्रकार झाले. हिमोफिलिया, थॅलसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस हे दीर्घ आजार प्रथमच नावानिशी आले. हे मोठं पाऊल होतं, यात शंका नाही. १ जून २०२१पासून प्रमाणपत्राचा अर्जही ऑनलाइन करावा लागतो. तरीही आमवाताला स्वतंत्र जागा मिळाली नाही. सांध्यांचं जे कायमचं नुकसान झालं असेल, तेवढंच मोजलं जातं.

अक्काचं पुढे काय झालं? २०१९ साली आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी पाच वर्षांचे केसपेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रे तारखेवार लावून नेले होते. त्यांची फारशी गरजच पडली नाही. बोटं एव्हाना बाजूला वाकली होती, मनगट वळत नव्हतं. डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि टक्केवारी चाळीसच्या वर गेली. अनुदान त्याच वर्षी ६००चं १००० झालं होतं. २०२३ साली ते १५०० झालं. २०२५ साली दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. रक्कम वाढली, याचा आनंद आहेच. पण घरी येताना मला पेढे घ्यावेसे वाटले नाहीत. २०१४ साली ते ६०० रुपये मिळाले असते, तर गोळ्या मधेच बंद पडल्या नसत्या. बोटं कदाचित इतकी वाकली नसती.

मी डॉक्टरांना दोष देत नाही. समोर बसलेल्या माणसाचा एक क्षण मोजायला त्यांना सांगितलेलं आहे, तो ते मोजतात. माझं म्हणणं मोजपट्टीबद्दल आहे. दीर्घ आजार महिनोन् महिने पसरलेला असतो, तो एका दुपारी मावत नाही. शाळेत आम्ही एका दिवसाची हजेरी बघून मुलाला नापास करत नाही, वर्षाचा पट बघतो. गावच्या आरोग्य केंद्रातल्या नोंदी, महिन्यातले किती दिवस मजुरी बुडाली याचा हिशेब, हे का पाहू नये? आणि ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, त्यांना एक सांगणं : कागद टाकू नका. प्रत्येक केसपेपर, तारखेसकट, जपून ठेवा.

परवा अक्काकडे गेलो होतो. सकाळची वेळ. चहाचा कप तिने दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं न वापरता. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बघ, ही माझी सातची मूठ. साहेबांना दाखवायची राहिलीच."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)