भीमसेन ऐकायचे, पण कुठून?

‘पंडित भीमसेन जोशींचं गाणं ऐकायला लागायचं आहे, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारी बहुतेक मंडळी २०११ नंतर, म्हणजे पंडितजी गेल्यावर गाण्याकडे वळलेली असतात. त्यांनी भीमसेनांना समोर बसून ऐकलेलं नाही. त्यांच्यापुढे आहे तो ध्वनिमुद्रणांचा डोंगर. तीन मिनिटांच्या तबकड्या, एलपी, कॅसेट, सीडी, आकाशवाणीची मुद्रणं, सवाई गंधर्व महोत्सवातली गाणी, आणि कुठल्या कुठल्या बैठकीत कुणी हौशी माणसानं टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेलं गाणं. मोबाइलवर नाव टाकलं की हे सगळं एकमेकांत मिसळून समोर येतं आणि बहुधा सगळ्यात वर अभंग असतो. मग भीमसेन म्हणजे अभंग, अशी समजूत होऊन बसते. मला चिंता वाटते ती याचीच. एवढा मोठा ख्यालगायक आषाढी-कार्तिकीपुरता उरू नये.

मात्र उलटी समजूतही तितकीच चुकीची आहे. ‘मूळचे ख्यालाचे गवई, पुढे लोकप्रियतेसाठी भक्तिगीतांकडे वळले’ असं म्हणणारे जाणकार मी पुष्कळ ऐकले. इतिहास असं सांगत नाही. ४ फेब्रुवारी १९२२ चा त्यांचा जन्म, गदगकडचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडलं, असं ते स्वतः सांगत. म्हणजे या गवयाच्या आयुष्याला वळण दिलं ते एका तबकडीनं, आणि त्या तबकडीवर ख्याल नव्हता! ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी भटकंती करून ते परत आले आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांकडे, राहिले. पुढे एचएमव्हीनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावरून नुकतेच पुढे गेले होते. रेकॉर्डवर होती कानडी आणि हिंदी भक्तिगीतं. सत्तरच्या दशकात ‘संतवाणी’ घराघरांत गेली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपण मराठी माणसं त्यांची ‘दासवाणी’ विसरतो. पुरंदरदासांची पदं गाणारे भीमसेन कानडी माणसाला जितके आपले, तितकेच तुकोबा-नामदेव गाणारे आपल्याला.

तर सुरुवात कुठून? पहिल्या तबकड्यांपासून नको. कालक्रमानं ऐकायचा हट्ट अभ्यासकाला शोभतो, नवख्याला तो दमवतो. निवडक गाण्यांचे जे संच मिळतात, तेही बाजूला ठेवा. त्यांत चार मिनिटांचा तुकडा संपतो न संपतो तोच दुसरा राग सुरू होतो.

माझं म्हणणं असं की एकच राग धरावा. भीमसेनांवर एक जुना आक्षेप आहे, की ते तेच ते दहा-पंधरा राग गात. तोडी, मुलतानी, पूरिया, मारवा, शुद्ध कल्याण, दरबारी, मालकंस. आक्षेपात तथ्य आहे. अनवट रागांची हौस त्यांना फारशी नव्हती. कलावती आणि रागेश्रीच्या मेळातून त्यांनी ‘कलाश्री’ बांधला खरा, पण पुन्हा पुन्हा वळले ते नेहमीच्याच रागांकडे. मैफलीला दर वेळी येणाऱ्याला ही गोष्ट खटकली असेल. ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्याच्या मात्र ती पथ्यावर पडते. एकच गवई एकच राग तिशीत, पन्नाशीत आणि सत्तरीत कसा गातो, हे ऐकण्याची सोय क्वचितच कुणी करून ठेवलेली असते.

पूरिया धनाश्री घ्या. संध्याकाळचा राग. आधी त्यांची जुनी एलपी ऐका. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत. तेवढ्यात विलंबित एकताल, आलाप, सरगम, ताना आणि शेवटी द्रुत तीनतालातली ती पैंजणांची बंदिश, एवढं सगळं बसवायचं. चाळिशीतला भरदार आवाज, तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा आणि कुठेही घाई जाणवू न देणारा. नवख्या कानाला रागाचा पूर्ण नकाशा अर्ध्या तासाच्या आत मिळतो.

मग तोच राग एखाद्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ऐका, तासाभराचा. आता गवई वेगळाच वाटू लागतो. खर्जातून एकेक स्वर वर येतो. कोमल ऋषभ लागतो, पण निराळ्या ठिकाणाहून. वरच्या षड्जाची वाट पाहायला लावतात, अगदी अंत पाहतात म्हणा ना, आणि तो लागला की सभागृहातला हुंकार टेपवरही ऐकू येतो. एलपीवर हे नाही. किराण्याची संथ बढत म्हणजे काय, हे शब्दांत सांगण्यापेक्षा या दोन ध्वनिमुद्रणांतल्या फरकात लवकर कळतं. इथेच इतरांच्या गाण्याच्या खुणाही दिसू लागतात. सरगम सुरू झाली की अमीर खाँसाहेब आठवतात, वजनदार तानेत केसरबाई. भीमसेनांनी ज्यांच्याकडून जे घेतलं ते लपवलं नाही.

तिथून पूरिया आणि मारव्याकडे जावं. या दोन्हींत पंचम नाही, धैवत शुद्ध आहे आणि स्वर तर तेच ते. फरक आहे तो मुक्काम कुठे करायचा याचा. पूरिया गंधार-निषादावर रेंगाळतो, मारवा ऋषभ-धैवतावर. भीमसेनांचा मारवा ऐकताना षड्ज इतका वेळ चुकवला जातो की आपणच अस्वस्थ होतो. एवढं ऐकलं की तुमचा कान त्यांच्या गाण्याला सरावला म्हणायचं.

आता खुशाल अभंग लावा. पुणे आकाशवाणीवरच्या राम फाटकांनी चाल दिलेले, श्रीनिवास खळ्यांनी स्वरबद्ध केलेले. त्यात एखादी तान सुटते आणि नेमकी शब्दाच्या पायाशी येऊन थांबते. ती कुठून आली हे आता ओळखू येईल. चित्रपटातलं थोडंसंच आहे, तेही ऐकून घ्यावं. पुलंनी ‘गुळाचा गणपती’त (१९५३) त्यांच्याकडून गाऊन घेतलेलं गीत, आणि ‘बसंत बहार’मधली (१९५६) मन्ना डे यांच्याबरोबरची जुगलबंदी. कथेनुसार त्यात हरायचं होतं भीमसेनांच्या आवाजाला! अखेरच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणं शेवटी ठेवा. आजारपणानंतर आवाज थकला होता, आणि २००७ च्या सवाई महोत्सवात ते गायले तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते. ज्यानं आधीचं ऐकलं आहे, त्यालाच त्यातली किंमत कळेल.

एक जोडी मात्र कुठल्याही क्रमात बसवता येते. अब्दुल करीम खाँसाहेबांची जोगियातली ठुमरी, तीन मिनिटांची, आणि तीच ठुमरी भीमसेनांची. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यामुळे त्यांच्याकडे थेट शिक्षण होणं शक्यच नव्हतं. मधला दुवा सवाई गंधर्वांचा. त्यांच्याही मोजक्या तबकड्या आज ऐकायला मिळतात. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, खरखरीतून येणारा. भीमसेनांचा रुंद, छातीतून येणारा. दोन आवाजांत काही म्हणता काही साम्य नाही. पण कोमल ऋषभावर येताना दोघेही एका क्षणापुरते किंचित थबकतात, अगदी एकाच जागी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)