ब्रदर गोन्सालो

वसईच्या किल्ल्यात धर्मशिक्षणवर्गाच्या मुलांना घेऊन जाण्याचा योग मला अनेकदा आला आहे. संत गोन्सालो गार्सिया यांची कथा सुरू झाली, की एखादा मुलगा हमखास विचारतो, “ते कुठल्या चर्चचे फादर होते?” ते फादर नव्हते, ब्रदर होते, असे सांगितले की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. आमच्या सेमिनरीत एक वृद्ध ब्रदर होते. पहाटेची घंटा, भाजीचा मळा, आजाऱ्यांची पेज, सारे त्यांच्याकडे. ज्याला फादर होणे जमले नाही तो ब्रदर झाला, अशी आम्हा विद्यार्थ्यांची समजूत होती, आणि ती आम्ही मोठ्याने बोलूनही दाखवीत असू. त्यांनी ते ऐकले होते, हे मला फार उशिरा कळले.

गोन्सालोंचा जन्म सुमारे १५५७ सालचा. वसई तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली येऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. पोर्तुगीज वडील व स्थानिक आई यांच्या पोटी ते जन्मले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वसईत येशूसंघीयांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले आणि १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते त्यांच्याचबरोबर जपानला गेले. तेथे जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून लोकांत वावरले. येशूसंघात आपला स्वीकार व्हावा, ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

आपण येथे थोडे थांबले पाहिजे. चरित्रे वाचताना हा प्रसंग आपण एका वाक्यात उरकतो, कारण पुढचे हौतात्म्य आपल्याला ठाऊक असते. गोन्सालोंना ते ठाऊक नव्हते. घर सुटलेले, ऐन तारुण्याची वर्षे ज्या कार्याला वाहिली त्याच कार्याचे दार बंद झालेले, आणि पुढे काय ते दिसत नाही, अशी ती अवस्था होती. त्यांनी जपान सोडले व पूर्वेकडील बंदरांत व्यापार सुरू केला. व्यापारात जमही बसला. दुखावलेल्या मनाला पैसा आणि प्रतिष्ठा यांचे औषध बहुधा पुरते, पण गोन्सालोंना ते पुरले नाही. व्यवसायानिमित्त ते मनिलाला आले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले.

या संघाचे अधिकृत नावच ‘लघुबंधूंचा संघ’ असे आहे. त्याचे संस्थापक संत फ्रान्सिस स्वतः धर्मगुरू झाले नाहीत, उपयाजकच राहिले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात नसते. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचे अवशेष आहेत आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चचेही. एकापासून दुसऱ्यापर्यंतची वाट काही मिनिटांची. गोन्सालोंना ती चालायला जपान आणि मनिला असा वळसा घालून पंधराएक वर्षे लागली.

१५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठवले. सोबत दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो होते. ज्या देशातून ते निराश होऊन निघाले होते, तेथेच ते परतले, आणि तेही दुसऱ्याची जीभ म्हणून! दुभाष्याचे काम मोठे विलक्षण. त्याच्यावाचून पान हलत नाही, पण वाक्य त्याचे नसते, मान त्याचा नसतो. शब्द मात्र चुकला तर दोष त्याचा. सणाच्या फलकावर कोणाचे नाव आधी यावे यावरून धर्मग्रामात होणाऱ्या चर्चा ऐकताना मला या दुभाष्याची आठवण होते. क्योटोत या फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले. ब्रदर गोन्सालो तेथेही ब्रदरच राहिले.

पुढचा इतिहास वेगाने घडला. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मालाच्या जप्तीतून हिदेयोशीचा संशय आणि क्रोध भडकला. डिसेंबरात धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारीत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभराचा प्रवास करवून, त्यांना नागासाकीला आणले. वाटेत आणखी दोघांची भर पडली व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते; सर्वांत लहान लुईस बारा वर्षांचा. ज्या संघात गोन्सालोंना प्रवेश मिळाला नव्हता, त्या संघाचे पॉल मिकी त्यांच्याच रांगेत क्रूसावर होते. या सर्वांना १६२७ साली धन्यवादित व ८ जून १८६२ रोजी संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाचा मान मिळालेले गोन्सालो हे पहिले.

५ फेब्रुवारी १५९७ च्या त्या सकाळचा वृत्तान्त येशूसंघीय फादर लुईश फ्रोईश यांनी लिहून ठेवला आहे. त्यातील एक लहानसा तपशील मला वारंवार आठवतो. निशिझाका टेकडीवर क्रूस जमिनीवर मांडून ठेवले होते. ब्रदर गोन्सालो सरळ त्यांतील एकाजवळ गेले आणि हा माझा का, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेण्यात आले. तेथे त्यांनी गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली.