कोंड्याचा मांडा

१८३७ साली बॉस्टन शहरात एका व्याख्यानावरून दंगल झाली. व्याख्यानाचा विषय राजकारण नव्हता की धर्मांतर नव्हता. माणसाने काय खावे आणि काय खाऊ नये, एवढाच होता. वक्त्याचे नाव सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम. मांस वर्ज्य करा आणि बाजारचा पांढरा पाव घरात आणू नका, हा त्याचा उपदेश शहरातल्या खाटकांना आणि पाववाल्यांना इतका झोंबला की, ते जमाव करून सभागृहावर चालून आले. तेव्हा ग्रॅहॅमचे अनुयायी वरच्या मजल्यावर चढले आणि त्यांनी खिडक्यांतून जमावाच्या डोक्यावर चुना टाकला. जमाव पांगला. संयमाच्या पुरस्कर्त्यांनी त्या दिवशी संयम थोडा बाजूला ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर नव्वद वर्षांनी, १९२७ साली, त्याच देशात मुलींच्या बालवीर संघटनेने, म्हणजे गर्ल स्काउट्सनी, रानावनातल्या भटकंतीसाठी एक पुस्तक काढले. ‘ट्रॅम्पिंग अँड ट्रेलिंग विथ द गर्ल स्काउट्स’ हे त्याचे नाव. त्यात शेकोटीपाशी करावयाच्या एका गोड पदार्थाची कृती दिली आहे. पदार्थाला नाव दिले होते ‘सम मोर’, म्हणजे ‘आणखी थोडे’. पुढे पोरांच्या तोंडी ते झिजून ‘स्मोर’ झाले. आज अमेरिकेत मुलांची छावणी पडली आणि शेकोटी पेटली की हा पदार्थ आलाच. आणि या पदार्थाचा तळ आणि झाकण ही दोन्ही ज्या बिस्किटाची असतात, त्या बिस्किटाला नाव आहे ग्रॅहॅमचे.

काटकसरी आणि हुन्नरी गृहिणीचे कौतुक करताना ‘ती कोंड्याचा मांडा करते’ असे आपण म्हणतो. ग्रॅहॅमने लोकांच्या पुढ्यात खरोखरीच कोंडा ठेवला होता. त्याचा मांडा कसा झाला, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

ग्रॅहॅमचा जन्म १७९४ सालचा, कनेटिकट संस्थानातला. शिक्षणाने तो धर्मोपदेशक. १८३० च्या सुमारास तो दारूबंदीचा प्रचारक म्हणून फिरू लागला आणि दारूवरून त्याचे लक्ष हळूहळू सगळ्याच आहाराकडे वळले. मद्य, मांस, चहा, कॉफी, मसाले या सर्वांनी रक्त तापते, वासना चाळवतात आणि शरीर रोगाला बळी पडते, असे त्याचे मत बनले. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ न्यूयॉर्कला पोहोचली आणि घाबरलेल्या लोकांनी त्याच्या व्याख्यानांना गर्दी केली. १८३७ मध्ये त्याने पाव कसा करावा यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गहू जाडाभरडा दळावा, कोंडा काढून टाकू नये, आणि पाव विकत न आणता घरच्या बाईने आपल्या माणसांसाठी भाजावा, असे त्याचे सांगणे. त्या काळी शहरांतले पाववाले पीठ पांढरे दिसावे म्हणून त्यात तुरटी आणि खडू मिसळत. तेव्हा त्याच्या रागाला काही आधार होता. कोंड्याची बाजू घेण्यातही तो पुढच्या आहारशास्त्राच्या अगोदर बोलला. मात्र चवीविषयी त्याच्या मनात जी अढी होती, ती त्याची स्वतःची.

१८५१ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो वारला. अल्पायुषी ठरलेल्या आरोग्योपदेशकाला लोक जितके हसतात, तितके त्यालाही हसले. पण त्याचे पीठ मागे राहिले. ‘ग्रॅहॅमचे पीठ’ हा शब्द रूढ झाला, त्या पिठाची कोरडी चपटी बिस्किटे निघाली, आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बिस्किट कंपनीसारख्या मोठ्या कारखान्यांनी ती देशभर पोहोचवली. १९२५ मध्ये त्या कंपनीने मध घातलेली ग्रॅहॅम बिस्किटे बाजारात आणली. उपदेश गेला, नाव उरले. आणि नावाला गोडी चिकटली.

आता ही बिस्किटे शेकोटीपाशीच का पोहोचली, हे समजण्यासाठी शिदोरीचा विचार केला पाहिजे. वाटेवरच्या खाण्याची अडचण सगळ्या देशांत सारखीच. पाणी हा शिदोरीचा वैरी. ज्यात ओल आहे ते सांडते, आंबते, फडके भिजवते. म्हणून आपल्याकडे प्रवासाला पिठात पाण्याऐवजी दूध घालून केलेली दशमी बांधून देतात, गूळ-खोबरे देतात, लाडू देतात; बासुंदी कोणी बांधून देत नाही. शिवाय रानात भांडी कोण घासणार? जे हातात धरून खाता येईल, ज्याला ताट-वाटी लागणार नाही आणि खाऊन झाल्यावर मागे खरकटे उरणार नाही, ते वाटेवरचे खरे गोड. ग्रॅहॅमने चवीला बंदी घातल्यामुळे जे बिस्कीट कोरडे, घट्ट आणि टिकाऊ झाले, ते नेमके याच गुणांमुळे पाठपिशवीत बसले. वैराग्याचा कोरडेपणा वाटसरूच्या कामी आला.

या बिस्किटात जो पांढरा मऊ गोळा ठेवतात, त्याची कथा निराळीच. मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचे नाव. ते दलदलीच्या कडेला उगवते. आपली भेंडी, जास्वंद आणि कापूस ही त्याची भावंडे. युनानी हकिमांच्या औषधांत ते खत्मी या नावाने ठाऊक आहे. भेंडी चिरताना जी तार सुटते, तसाच बुळबुळीत रस त्याच्या मुळांत असतो, आणि खोकल्यावर, घशाच्या दुखण्यावर तो फार जुन्या काळापासून देत आले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या हलवायांनी हा रस साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्याबरोबर घोटून त्याची हलकी, फुगीर मिठाई केली. पुढे मुळांचा रस काढण्याचा खटाटोप कोणाला नको झाला. त्याच्या जागी जिलेटिन आले आणि झाडाचे केवळ नाव राहिले. साच्यांत भराभर गोळे पाडता येऊ लागल्यावर ती मिठाई स्वस्त झाली. १८९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या उन्हाळी विहाराच्या ठिकाणी काठीच्या टोकाला हे गोळे टोचून निखाऱ्यावर शेकण्याची टूम निघाल्याचे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आढळते. घशाचे औषध अशा रीतीने शेकोटीचा खेळ झाले.

तिसरा जिन्नस चॉकलेट. पेनसिल्व्हेनियातल्या मिल्टन हर्शीने १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात चॉकलेट करण्याची जर्मन यंत्रे पाहिली. १९०० साली त्याने आपला चांगला चाललेला कॅरॅमलचा कारखाना दहा लाख डॉलरला विकला, आणि त्याच साली दुधाच्या चॉकलेटची वडी विक्रीला काढली. श्रीमंतांचा खाऊ त्यामुळे सामान्यांच्या मुलांच्या हाती आला. पण शिदोरीच्या दृष्टीने चॉकलेट मोठे अवघड. ते अंगाच्या उष्णतेच्या आतच वितळते. उन्हातून दोन कोस चालले की पिशवीत चिखल. १९३७ मध्ये अमेरिकी सैन्याने हर्शीच्या कारखान्याकडून न वितळणारी वडी करून घेतली. चार औंसांची ही वडी सहाशे कॅलरींची होती. तीत ओटचे पीठ घातले होते, आणि चव उकडलेल्या बटाट्याहून किंचित बरी असावी, जास्त नसावी, अशी सैन्याची अटच होती. नाहीतर शिपाई ती संकटाआधीच खाऊन टाकतील! ग्रॅहॅम असता तर ही अट त्याला पसंत पडली असती.

मुलींच्या पुस्तकातला उपाय याहून सोपा आणि दहा वर्षे आधीचा. चॉकलेट वितळू नये म्हणून झटायचे नाही. ते शेवटच्या क्षणी, दोन बिस्किटांच्या मध्ये, वितळू द्यायचे. आठ जणींसाठी सोळा बिस्किटे, आठ चॉकलेटच्या वड्या आणि सोळा मार्शमॅलो, असे प्रमाण तेथे दिले आहे. वडी मधोमध मोडायची, दोन मार्शमॅलो निखाऱ्यावर शेकून त्या दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवायचे, आणि वरून खालून बिस्कीट लावून दाबायचे. ज्वाळेवर धरले तर गोळा बाहेरून जळतो आणि आतून थंड राहतो. निखाऱ्यावर सावकाश फिरवला तर आतली हवा फुगते, जिलेटिन सैल होते आणि साखर तांबूस होते. त्याच ऊबेने चॉकलेट मऊ पडते. बिस्कीट हेच ताट आणि तेच फडके. भांडे एकही नाही. काठी तेवढी मागे उरते, आणि ती शेकोटीत टाकता येते.

हे तीन जिन्नस एकत्र आणणारा पहिला मान मात्र त्या पुस्तकाचा नव्हे. मार्शमॅलो, बिस्कीट आणि चॉकलेट यांचे तयार खाऊ १९१३ आणि १९१७ पासून कारखान्यांतून निघतच होते. मुलींनी केले ते एवढेच की, कारखान्यातला खाऊ स्वतःच्या हाताने, विस्तवापाशी, एकमेकींसाठी केला. हे लहान वाटते. पण ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १९१२ साली सव्हॅना गावी अठरा मुली जमवून ही संघटना काढली, तेव्हा मुलींनी घराबाहेर तंबूत राहावे, लाकूड फोडावे, विस्तव पेटवावा, हीच मोठी गोष्ट होती. ग्रॅहॅमला चुलीपाशी एक आई हवी होती; येथे चूल रानात गेली आणि तिच्याभोवती आई नसलेल्या मुली बसल्या.

तथापि त्या शेकोटीभोवती सगळ्याच मुलींना जागा नव्हती. टेनेसी संस्थानात नॅशव्हिल येथे जोसेफिन हॉलोवे या कृष्णवर्णीय बाईंनी आपल्या समाजातल्या मुलींचे पथक मान्य करावे म्हणून १९३३ मध्ये अर्ज केला. वेगळ्या सोयींचा खर्च परवडणार नाही, असे उत्तर मिळाले. बाईंनी पथक मान्यतेवाचून चालवले. मान्यता मिळाली १९४२ मध्ये, आणि त्या मुलींसाठी स्वतःची छावणी उभी राहिली १९५५ मध्ये. ‘आणखी थोडे’ हे नाव ज्यांना पहिलाच घास मिळालेला नाही त्यांच्या कानांवर कसे पडत असेल, याचा विचार हा इतिहास सांगताना टाळता येत नाही.

आणखी एक विसंगती. १८५० मध्ये अमेरिकेत शाकाहारी मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांत ग्रॅहॅम होता. त्याच्या नावाच्या बिस्किटात आज जो गोळा बसतो, त्यातले जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचे असते, आणि आजच्या बहुतेक ग्रॅहॅम बिस्किटांत मैदा आणि साखरही असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या शाकाहारी मराठी घरांना मुलांच्या शेकोटीसाठी जिलेटिनविरहित गोळे शोधून आणावे लागतात. त्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचणारी आई ग्रॅहॅमची खरी शिष्या म्हटली पाहिजे, जरी तिने त्याचे नाव फक्त बिस्किटावर वाचले असले तरी.

१९४७ पासून अमेरिकी स्वयंपाकघरांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी आली आणि शेकोटीची तऱ्हा पुन्हा बदलली. केळ्याला चीर देऊन त्यात चॉकलेट भरायचे, पत्र्यात गुंडाळून निखाऱ्यात ठेवायचे. किंवा आइस्क्रीमच्या कुरकुरीत शंकूत सगळे जिन्नस भरून तसेच भाजायचे. हात स्वच्छ राहतात, पाघळत नाही, हे खरे. पण तो पत्रा विस्तवात जळत नाही. तो उचलून परत आणला नाही, तर हाताची घाण रानाच्या वाट्याला जाते. या कसोटीवर जुना स्मोर, बोटांना थोडा चिकटत असला, तरी अधिक स्वच्छ ठरतो.

१९२७ च्या त्या कृतीच्या शेवटी एक वाक्य आहे. पदार्थाची चव ‘आणखी थोडे’ म्हणावयास लावणारी असली, तरी खरे म्हणजे एकच पुरे, असा त्याचा आशय आहे. नाव ठेवणारीनेच त्या नावाला लगाम घातला. ज्याच्या बिस्किटावर हा सगळा मांडा रचला गेला, त्या कोरड्या, रागीट माणसाचा आवाज मला या एका वाक्यात ऐकू येतो. आणि हेही ध्यानात येते की, शेकोटीभोवतीच्या पोरांनी तो ना तेव्हा ऐकला, ना आज ऐकतात.