गायले कोणी, मालकी कोणाची

'गर्ल्स फाइव्हएव्हा' या नावातच एक कोटी आहे. इंग्रजीत 'फॉरएव्हर' म्हणजे निरंतर. त्यातला पहिला भाग चार या आकड्यासारखा ऐकू येतो. म्हणून नव्वदीच्या अखेरीस उदयास आलेल्या एका काल्पनिक पॉप गटातील पाच मुली निरंतरात आणखी एकाची भर घालतात. मालिका सुरू होते तेव्हा पाचवी हयात नाही. चौघी उरतात, आणि कोटीतला हिशेब आपोआप चारावर येतो.

मेरेडिथ स्कार्डिनो यांची ही अमेरिकन विनोदी मालिका ६ मे २०२१ रोजी आंतरजालावरील 'पीकॉक' वाहिनीवर आली. या गटाचे एकच गाणे गाजलेले. पुढचे गाणे विमानाच्या उपमेवर बेतलेले असल्याने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ते कोणाला ऐकवण्यासारखे राहत नाही. वीस वर्षांनी एक तरुण रॅपर त्या गाजलेल्या गाण्याचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात घालतो आणि चाळिशी-पन्नाशीच्या या बायका पुन्हा एकत्र येतात. डॉन भावाचे उपाहारगृह सांभाळते, ग्लोरिया दंतवैद्य आहे, समर एका जुन्या मुलांच्या गटातील गायकाची पत्नी आहे, आणि विकी आपण अजून मोठी तारका असल्याचे सोंग वठवते आहे.

ओसरलेल्या कीर्तीची टर उडवणे हा विनोदाचा जुना धंदा आहे. या मालिकेत मात्र हसू येते ते बायकांच्या वयापेक्षा त्यांच्या जुन्या गाण्यांचे. ती गाणी कोणी रचली, त्यांवर पैसा कोणी केला आणि गाणाऱ्यांच्या हाती काय उरले, हा मालिकेचा खरा विषय आहे, असे आम्हांस वाटते. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

'द रॉनेट्स' हा दोन बहिणी आणि एका मावस-मामे नात्यातील तरुणीचा गट. १९६३ साली त्यांनी निर्माता फिल स्पेक्टर याच्याशी करार केला. त्याच वर्षी आलेले 'बी माय बेबी' जगभर गाजले. या तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलरांची एक आगाऊ रक्कम मिळाली. त्यानंतर मानधनाचा हिस्सा म्हणून काहीही नाही. १९८७ साली तेच गाणे 'डर्टी डान्सिंग' या चित्रपटाच्या प्रारंभी वाजले आणि त्याच वर्षी तिघींनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने व्याजासह सुमारे तीस लाख डॉलर देवविले. परंतु २००२ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरविले की, करारात संपूर्ण मालकी दिलेली असल्यामुळे चित्रपटांत गाणे वापरू देण्याचा हक्कही निर्मात्याचाच आहे. मुद्रिकांच्या विक्रीतील हिस्सा तेवढा त्यांच्या वाट्यास राहिला. न्यायालयास त्यांच्या स्थितीची जाणीव होती. पण सहानुभूतीने कराराचा अर्थ बदलत नाही. सही करताना या मुली विशीच्या आसपासच्या होत्या आणि निकाल लागला तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर.

तीन दशकांनी व्यवहार अधिक सफाईदार झाला होता, न्याय्य झाला नव्हता. 'टीएलसी' या तीन तरुणींच्या गटाचा १९९४ चा संग्रह अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. आणि १९९५ साली, तो तडाखेबंद खपत असतानाच, तिघींनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यांच्या देण्यांना अन्य कारणेही होती. पण मूळ कुलूप कराराचे होते. ध्वनिमुद्रण, चित्रफिती, दौरे यांचा खर्च कंपनी आधी करते आणि नंतर कलावंताच्या तुटपुंज्या हिश्श्यातून वसूल करून घेते. कंपनीचा हिस्सा पहिल्या प्रतीपासून सुरू होतो, कलावंताचा वसुली संपल्यावर. गाणे जितके गाजते तितका त्यावरचा खर्चही वाढत जातो.

त्यानंतरचा काळ म्हणजे ही मालिका ज्याची नक्कल करते तो. ओरलँडो येथील लू पर्लमन याने 'बॅकस्ट्रीट बॉइज' आणि 'एनसिंक' हे मुलांचे गट उभे केले. 'बॅकस्ट्रीट बॉइज'च्या करारात त्याने स्वतःस पाच मुलांबरोबर सहावा वाटेकरी ठरवून घेतले होते. पुढे तीस कोटी डॉलरांहून मोठ्या फसवणुकीबद्दल त्याला २००८ साली पंचवीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ साली तो तुरुंगातच मरण पावला. गाणी बहुधा स्टॉकहोमच्या 'शेइरॉन' स्टुडिओतून येत. मॅक्स मार्टिन तेथलाच. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये 'पॉपस्टार्स' या कार्यक्रमाने तर गट जुळवण्याची प्रक्रियाच दूरचित्रवाणीवर दाखवली. त्याची भारतीय आवृत्ती २००२ साली 'चॅनल व्ही'वर झाली आणि त्यातून 'व्हिवा' हा पाच मुलींचा गट निघाला. काही वर्षांतच तो विखुरला. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे हिंदी चित्रपटांत गायल्या. गट कोणी जुळवायचा हे जेथे आधीच ठरलेले असते, तेथे तो मोडणेही सहसा गाणाऱ्यांच्या हाती राहत नाही.

या पार्श्वभूमीवर मालिकेतील एक प्रसंग पाहावा. नव्या गाण्यासाठी डॉन एका स्वीडिश गीतकाराकडे जाते. ही भूमिका स्टीफन कोलबेअर यांनी केली आहे. आपण विशीत जे शब्द हसतमुखाने गायलो ते पुरुषांच्या सोयीचे होते, हे एव्हाना तिला कळू लागले आहे. अखेर ती स्वतः लिहू लागते. डॉनचे काम करणाऱ्या सारा बरेलिस या मुळातच गीतकार-गायिका आहेत, त्यामुळे हे वळण विश्वसनीय वाटते.

मालिकेचे वर्षही सूचक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सवरील माहितीपट आला. एप्रिलमध्ये टेलर स्विफ्ट यांनी मालकी हातची गेलेला आपला जुना संग्रह पुन्हा गाऊन प्रसिद्ध केला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ब्रिटनीवरील पालकत्व उठवले. त्या पिढीच्या हिशेबाची वही जणू त्याच वर्षी उघडली गेली.

यावर कोणी म्हणेल, सह्या तर त्यांनीच केल्या होत्या, प्रसिद्धी त्यांनाही हवीच होती. खरे आहे; आणि मालिकाही ते लपवीत नाही. विकीची हाव कोणा व्यवस्थापकाने पढवलेली नाही. परंतु हाव असणे आणि तिची किंमत वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलेली असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पुनरागमनाचा बाजारही जुनेच गाणे जुन्याच सुरात मागतो. या चौघींना नवे काही म्हणायचे आहे, आणि तिथेच त्यांची दमछाक होते.

मालिकेचे नशीबही फारसे वेगळे निघाले नाही. दोन पर्वांनंतर 'पीकॉक'ने तिला सोडले, तिसरे पर्व मार्च २०२४ मध्ये 'नेटफ्लिक्स'वर आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चौथे होणार नाही असे कळले. एकूण बावीस भाग. समीक्षकांनी वाखाणलेली ही मालिका पुढे न्यावी की नाही, हेही ती रचणाऱ्यांच्या हाती नव्हते.