शापाची कादंबरी वाचताना भीती वाटते, तरी मजा का येते?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडीच्या पूर्वेला नागझिऱ्याचे जंगल आहे. आज ते गोंदिया जिल्ह्यात येते. पण १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १९९३ मध्ये याच जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. ती ऐकून आपण प्रचंड घाबरलो होतो, असे बर्वे यांनी पुढे सांगितले. ती भीती डोक्यातून गेली नाही आणि त्यातूनच २०१८ मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट आला.

भीतीने घाम फुटतो, तरी माणूस पुढचे पान उलटतो. असे का होते?

शरीरात काय घडते?

भयकथा वाचताना हृदयाचे ठोके वाढतात, अंगावर काटा येतो. मात्र आपण घरात सुरक्षित आहोत, हे मेंदूला ठाऊक असते. त्यामुळे ताण ओसरला की सुटल्यासारखे वाटते आणि त्याचाच आनंद होतो. शिवाय लगाम वाचकाच्या हातात असतो. फारच भीती वाटली, तर पुस्तक मिटता येते.

शापाची गोष्ट इतकी का रंगते?

भूत अचानक समोर येते. शापाला मात्र कारण असते, नियम असतो आणि किंमत असते. कुणीतरी हाव धरतो किंवा मर्यादा मोडतो आणि त्याची फळे पुढच्या पिढीला भोगावी लागतात. ‘तुंबाड’मध्ये सोन्याच्या मुद्रांसोबत बापाची हावही मुलाकडे जाते. हा नियम एकदा कळला की ‘आता यातून सुटका कशी?’ हा प्रश्न वाचकाला शेवटापर्यंत खेचून नेतो.

मराठीत ही गोडी लावण्यात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचा मोठा वाटा आहे. धारपांच्या ‘लुचाई’वर स्टीफन किंग यांच्या कादंबरीची छाप असली, तरी तिचे वातावरण मराठी आहे.

शाप पुस्तकाबाहेर आला तर?

कादंबरीतला शाप शेवटच्या पानावर संपतो. गावातल्या ‘करणी’च्या संशयाला असे शेवटचे पान नसते. मूल आजारी पडते, जनावर दगावते आणि बोट एखाद्या म्हाताऱ्या किंवा एकट्या बाईकडे जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना बांधून मारहाण झाली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

मग अशी पुस्तके वाचावीत का?

जरूर वाचावीत. आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही १९०२ ची कादंबरी एका घराण्याच्या शापाभोवती फिरते. वाचक धास्तावतो, पण शेरलॉक होम्स शापाच्या मागे लपलेला माणूस शोधतो. त्या माणसाचा डोळा घराण्याच्या मालमत्तेवर असतो.

शापाची गोष्ट रात्री मनसोक्त घाबरत वाचावी. सकाळी कुणी शेजारणीवर करणीचा आळ घेतला, तर मात्र होम्सचाच प्रश्न विचारावा: या अफवेत फायदा कुणाचा?