रंगाच्या चुकीचें मोल

इ. स. १९७७ च्या नाताळांत अमेरिकेंतील पुष्कळ मुलांच्या हातीं जी भेट पडली, तिच्यांत खेळणें नव्हतेंच. पुठ्ठ्याचें एक चित्रित पाकीट व त्यांत कागदी हमीपत्र, एवढाच मुख्य ऐवज. ‘स्टार वॉर्स’ हा बोलपट त्याच वर्षीं २५ मे रोजीं प्रसिद्ध झाला होता. परग्रहांवरील युद्धाची ती कल्पित कथा लोकांना एवढें वेड लावील, अशी अटकळ फार थोड्यांना होती. सिनसिनाटी शहरांतील केनर कंपनीनें तींतील पात्रांच्या बाहुल्या करण्याचा मक्ता घेतला खरा. पण बाहुल्या तयार होण्यापूर्वींच सण दाराशीं येऊन ठेपला. तेव्हां कंपनीनें वचनच विकावयास काढलें. हमीपत्र टपालानें पाठवावें आणि पुढील वर्षीं चार बाहुल्या घरपोंच मिळाव्या, असा तो सौदा होता. तो पाळला गेला, आणि पुढें जगभर पसरलेल्या एका छंदाचा उगम या घाईंत झाला.

अशा बाहुल्यांस तिकडे ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. हें नांव १९६४ सालीं हॅस्ब्रो कंपनीच्या ‘जी. आय. जो’ या शिपायाबरोबर रूढ झालें. ‘बाहुली’ म्हटल्यास मुलगे तिला हात लावणार नाहींत, ही व्यापाऱ्यांची भीति त्याच्या मुळाशीं होती. तो शिपाई सुमारें १२ इंच उंच होता. केनरनें मुख्य पात्रांची उंची पावणेचार इंच ठेवली. त्यामुळें बाहुली स्वस्त पडली, आणि तिला बसावयास अवकाशयानही परवडणाऱ्या किंमतींत करतां आलें. १९७८ पासून १९८५ पर्यंत अशीं शंभराच्या आसपास पात्रें बाजारांत आलीं.

तीं घडविण्याची रीत साधी होती. रंगीत प्लास्टिक वितळवून सांच्यांत दाबानें भरावयाचें, निघालेले अवयव जोडावयाचे, आणि मग केस, डोळे, पट्टे, जोडे यांवर रंग चढवावयाचा. हांगकांग व तैवान येथील कारखान्यांत यांपैकीं बरेंच काम चाले. मागणी वाढली तशी एकच बाहुली निरनिराळ्या ठिकाणीं होऊं लागली, आणि एका ठिकाणचा पिवळा रंग दुसऱ्या ठिकाणच्या पिवळ्याशीं तंतोतंत जुळेना. कथानायक ल्यूक याचे केस कोठें पिवळेधमक, तर कोठें तपकिरी झाले. मेक्सिकोंत लिली लेडी, स्पेनमध्यें पी. बी. पी., ब्राझिलमध्यें ग्लासलाइट अशा परदेशी कंपन्यांनींही मक्ते घेतले. त्यामुळें त्याच पात्रांना आणखी निराळ्या छटा चढल्या.

कांहीं भेद मात्र जाणून-बुजून केलेले होते. जावा नांवाच्या ठेंगण्या पात्राला प्रथम पातळ प्लास्टिकचा झगा होता. इतर बाहुल्यांच्याच किंमतीची ही चिमुकली बाहुली त्या झग्यांत फारच हलकी दिसे, म्हणून लवकरच तिला कापडी झगा देण्यांत आला. हान सोलो याचें डोकें आरंभीं लहान होतें, मागाहून मोठें झालें. सर्वांत नवलाची कथा स्नॅगलटूथ या पात्राची. कारागिरांस त्याचें छायाचित्र मिळालें तें कमरेच्या वरचें. खालच्या भागाची कल्पना त्यांनीं स्वतःच केली, आणि सीअर्स या पेढीच्या एका संचासाठीं निळा पोशाख व चंदेरी जोडे घातलेला उंच इसम तयार झाला. बोलपटांतील पात्र ठेंगणें होतें. चूक ध्यानांत आल्यावर तांबड्या पोशाखाची, बुटकी व अनवाणी बाहुली निघाली. मुलांना या दुरुस्तीचें सोयरसुतक नव्हतें. संग्राहकांच्या दृष्टीनें मात्र तीच निळी चूक मोलाची ठरली.

१९८५ नंतर हें उत्पादन थांबलें. खेळणारीं मुलें मोठीं झालीं, कमावतीं झालीं, आणि जुन्या बाजारांतून आपलें बालपण विकत घेऊं लागलीं. येथपर्यंत ही केवळ हौस होती. पण एका बाहुलीच्या शेजारीं दुसरी ठेवतांच फरक दिसूं लागले, आणि हौसेला शास्त्राची शिस्त आली. पायावरील देशाचा शिक्का, सांच्याची खूण, रंगाची छटा, भुवईची रेघ यांच्या याद्या तयार झाल्या. आपल्याकडे शिवराईचा अभ्यासक ‘छत्रपति’ या अक्षरांच्या वळणावरून आणि लेखनांतील भेदांवरून नाण्यांचे गट पाडतो, त्याच जातीची ही नजर आहे. ज्या टांकसाळींत अक्षरें कोरणाऱ्याचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं, तेथें अक्षराचें वळण हाच त्याचा पुरावा. कारखान्यांत ज्यानें ल्यूकचे केस रंगविले, त्याचेंही नांव बाहुलीवर नाहीं. रंगाची छटा मात्र राहिली आहे.

हाच पुरावा आज धोक्यांत आहे, आणि तो धोका पैशानें आणला आहे. बोबा फेट या पात्राच्या पाठीवरून अग्निबाण उडविण्याची केनरची योजना होती. लहान मुलाच्या घशांत असा तुकडा अडकण्याचें भय निर्माण झाल्यामुळें ती सोडून देण्यांत आली, आणि १९७९ सालीं बाण पक्का बसविलेली बाहुली मुलांच्या हातीं पोंचली. मूळ योजनेचे थोडे नमुने तेवढे मागें राहिले. त्यांपैकीं हातानें रंगविलेला एक नमुना २०२४ सालीं अमेरिकेंतील लिलांवांत ५,२५,००० डॉलरांस गेला. अशा किंमती ऐकून लबाडांचे हात शिवशिवणारच. बेन केनोबी या पात्राच्या प्लास्टिकच्या झग्याला कात्री लावून जावाचा दुर्मिळ झगा ‘तयार’ केला जातो. झिजलेल्या बाहुलीवर नवा रंग चढवून ती कोरी म्हणून खपविली जाते. असा हात फिरला कीं, त्याखालची खरी छटा कायमची झांकली जाते. म्हणूनच जाणता संग्राहक नव्या रंगाच्या चकचकीत बाहुलीपेक्षां झिजलेली पण अस्सल बाहुली अधिक मोलाची मानतो.

या कथेचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. १९९१ सालीं केनर ही हॅस्ब्रोच्या मालकीची झाली. त्याच हॅस्ब्रोच्या मक्त्यानें फनस्कूल या भारतीय कंपनीनें ‘जी. आय. जो’ची पावणेचार इंची आवृत्ति येथें काढली, आणि या कंपनीचा कारखाना गोव्यांत होता. सांचे परदेशी असले तरी रंगांची निवड पुष्कळदां अगदीं वेगळी होती. अमेरिकेंत काळ्या किंवा हिरव्या वेषांतला शिपाई येथें भलत्याच भडक रंगांत बाहेर पडे. त्या काळीं इकडील मुलांनीं त्या बाहुल्या अंगणांतल्या मातींत खेळवून मोडल्या, आणि आयांनीं त्या रद्दीबरोबर देऊन टाकल्या. आतां परदेशांतील संग्राहक त्याच हुडकीत असतात. माळ्यावरच्या जुन्या पेटींत असा एखादा रंग उडालेला शिपाई सांपडलाच, तर त्याला ब्रश लावूं नये. जो रंग उरला आहे, तो कोणा अनाम कामगाराच्या हातचा आहे.